वोलायतांच्या भाषेतला 'एक्स'

वॉशिंग्टनच्या आसपास, व्हर्जिनियात किंवा मेरीलँडमध्ये, चार-पाच वर्षं काढलेल्या मराठी माणसाला इथिओपियाची माणसं नवीन नसतात. टॅक्सीत भेटतात, हॉस्पिटलात भेटतात, ऑफिसात शेजारच्या टेबलावर असतात. त्यांची ती आंबवलेल्या पिठाची, जाळीदार इंजेरा पहिल्यांदा पानात आली की आपल्याला आंबोळी आठवते आणि ओळख पटकन वाढते. पण भाषेचा विषय निघाला की आपण धरून चालतो की हे सगळे एकच 'इथिओपियन' बोलत असणार. इथले लोक आपल्याला 'तुम्ही घरी इंडियन बोलता का' असं विचारतात, तेव्हा मात्र आपल्याला राग येतो!

इथिओपियात 80हून अधिक भाषा आहेत. अम्हारिक सगळ्यांना ठाऊक, कारण सरकारी कारभाराची भाषा ती. माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याची मातृभाषा वोलायता. तो सोदो शहरातला. अदिस अबाबाहून दक्षिणेला रस्त्याने 300 किलोमीटरहून अधिक गेलं की हे शहर लागतं. 2007च्या जनगणनेत ही मातृभाषा सांगणारे सुमारे 16 लाख लोक होते. भाषाशास्त्रज्ञ तिला ओमोटिक गटात टाकतात. हे नाव ओमो नदीवरून आलं. म्हणजे अम्हारिकशी तिचं नातं लांबचं, आपल्या मराठीचं रशियनशी असेल तितपत लांबचं म्हणा. स्वतःच्या भाषेला हे लोक 'वोलायतात्तो दोना' म्हणतात. 'दोना' म्हणजे तोंड, आणि 'दोना' म्हणजेच भाषा. मला हा शब्द फार आवडला. कारण या भाषेबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते खरोखरच तोंडातलं आहे. जीभ कुठे लागते, घसा कधी बंद होतो, अक्षरावर किती वेळ थांबायचं, असं सगळं.

सुरुवात देवापासून करू. देवाला वोलायता भाषेत जो शब्द आहे, त्याचं रोमन स्पेलिंग 'एक्स'ने सुरू होतं. एक्स, मग दोन ओ, दोन एस आणि ए. वाचायचं कसं? 'क्सोस्सा' नाही. जवळपास 'तोस्सा', पण त्यातला 'त' आपला नाही. हा 'त' उच्चारण्याआधी घशातली फट घट्ट बंद करायची. जड सुटकेस पट्ट्यावरून उचलताना आपण नकळत श्वास अडकवतो, तसा. जीभ 'त'च्या जागी लावायची, घसा बंद ठेवून आतल्या आत हवा दाबायची आणि जीभ सोडायची. बाटलीचं बूच निघाल्यासारखा एक कोरडा, टणक आवाज होतो. फुफ्फुसातली हवा यात वापरलीच जात नाही. भाषाशास्त्रात याला इजेक्टिव्ह म्हणतात.

मराठी माणसाला हे समजायला एक सोपी वाट आहे. तळहात तोंडासमोर धरा आणि 'त' आणि 'थ' म्हणा. 'थ'ला हाताला हवा जास्त लागते. क-ख, ट-ठ, प-फ अशा आपल्या जोड्या या जास्तीच्या हवेवर उभ्या आहेत. वोलायता भाषेत तशाच जोड्या आहेत, पण तिथे फरक हवा वाढवण्याचा नाही, हवा तोडण्याचा आहे. साधा 'त' आणि तुटलेला 'त', साधा 'क' आणि तुटलेला 'क', तसेच 'च' आणि 'प'. इंग्रजी माणसाला आपला 'ख' ऐकू येत नाही, 'खाना' आणि 'काना' त्याला एकच वाटतं, म्हणून आपण हसतो. सहकाऱ्याने मला साधा 'क' आणि तुटलेला 'क' ओळीने दहा वेळा म्हणून दाखवले, तेव्हा हसण्याची पाळी त्याची होती.

या तुटलेल्या आवाजांना रोमन लिपीत अक्षरंच नाहीत. पण रोमनमधली काही अक्षरं या भाषेत रिकामी पडून होती. 'एक्स'चा काही उपयोग नव्हता, म्हणून तो तुटलेल्या 'त'ला दिला. 'क्यू' तुटलेल्या 'क'ला दिला. नुसता 'सी' तुटलेल्या 'च'ला, आणि साध्या 'च'साठी 'सीएच'. शेजारच्या ओरोमो भाषेतही अशीच वाटणी आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे स्पेलिंग म्हणजे मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं दिसतं. पण नियम एकदा कळला की कुठलाही शब्द बरोबर वाचता येतो. इंग्रजीच्या स्पेलिंगबद्दल असं कुणी म्हणू शकेल का?

'डीएच' ही जोडी पाहिली की आपण 'ध' वाचणार. तिथे तो वेगळाच आवाज आहे. 'ड'च्या जवळचा, पण म्हणताना घसा खाली ओढायचा, हवा किंचित आत घ्यायची. इम्प्लोसिव्ह म्हणतात याला. हा आवाज मात्र आपल्याला अगदीच परका नाही. उल्हासनगरमध्ये सिंधी शेजारी असलेल्या कुणीही तो ऐकला असेल. सिंधीत असे चार आवाज आहेत आणि देवनागरीत सिंधी लिहिताना त्यांच्यासाठी अक्षराखाली आडवी रेघ मारतात. 'ड'खाली रेघ दिली की ॾ. ही चारही अक्षरं संगणकाच्या युनिकोड यादीत रीतसर नोंदलेली आहेत. वोलायता भाषेत 'वर, उंच' या अर्थाचा एक शब्द आहे, तो या ॾ-ने सुरू होतो आणि मध्ये तुटलेला 'क' येतो, तोही दुहेरी. सराव न करता म्हणायला गेलात तर ठसका लागेल.

आणखी एक आवाज राहिला, आणि माझ्या धंद्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात खट्याळ. लहान मूल जेवायला नको म्हणताना तोंड न उघडता 'अं-अं' करतं. त्या दोन 'अं'च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो. ती जी अडखळ आहे, तो वोलायता भाषेत पूर्ण दर्जाचा व्यंजन आहे. लिहिताना त्याच्यासाठी अपॉस्ट्रॉफी वापरतात. आणि तो इतर व्यंजनांसारखा दुहेरीही होतो. 'दोन' या आकड्याला त्यांच्याकडे 'ना''अ' म्हणतात. मधे ओळीने दोन अपॉस्ट्रॉफी, म्हणजे घसा बंद करून दुप्पट वेळ थांबायचं.

प्रोग्रामरने ओळीत दोन अपॉस्ट्रॉफी पाहिल्या की त्याच्या पोटात गोळा येतो. डेटाबेसला मजकूर देताना तो अपॉस्ट्रॉफीच्या जोडीत बंद करून द्यावा लागतो. मजकुराच्या आत खरीखुरी अपॉस्ट्रॉफी हवी असेल तर ती दोनदा लिहायची, म्हणजे संगणक तिला एक समजतो. आता वोलायतांचा 'दोन' कुणी तसाच टाकला, तर आत पोचेपर्यंत दोनातली एक गळून जाते! फोनचा कीबोर्ड तर आणखी शहाणा. तो सरळ अपॉस्ट्रॉफीचं वाकडं अवतरणचिन्ह करतो. युनिकोडमध्ये अपॉस्ट्रॉफीसारखं दिसणारं, पण अक्षर म्हणूनच मोजलं जाणारं एक वेगळं चिन्ह आहे. ते वापरलं तर शब्द मधेच तुटत नाही. पण ते साध्या कीबोर्डवर नाही, मग वापरणार कोण? जगातल्या भाषांच्या अधिकृत यादीत वोलायताला 'डब्ल्यू-ए-एल' असा तीन अक्षरी संकेत कधीच मिळालेला आहे. कागदावर जागा मिळाली, कीबोर्डवर मिळायची आहे.

आता थांबण्याबद्दल. मराठीत आपण 'मका' आणि 'मक्का' यांत घोटाळा करत नाही. 'कला' आणि 'कल्ला' यांतही नाही, निदान शब्द म्हणून तरी. व्यंजनावर जास्त वेळ थांबलं की अर्थ बदलतो, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. वोलायता भाषेत हे थांबणं फार खोल आहे. 'माता' म्हणजे गवत आणि 'मात्ता' म्हणजे दूध. तिकडची गाय 'माता' खाते आणि 'मात्ता' देते. (आपल्याकडे ती स्वतःच माता, हे सांगितल्यावर आमच्या टेबलावर बराच वेळ गोंधळ चालला होता.) एक ते दहा आकडे घ्या: इस्सुवा, ना''अ, हेझ्झ, ओय्द्द, इच्चश, उसुप्पुन, लाप्पुन, होस्प्पुन, उद्दुफुन, तम्म. दहाच्या दहा आकड्यांत एकेक दुहेरी व्यंजन आहे. स्वर पाचच, अ-ए-इ-ओ-उ, पण प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ, म्हणजे दहा. आपण 'ऱ्हस्व की दीर्घ' म्हणून शाळेत मार खाल्लेली माणसं. खरं सांगायचं तर बोलताना आपली इ-ई आणि उ-ऊ आता शब्दातल्या जागेवरून ठरते, अर्थावरून क्वचितच. वोलायता माणसाला मात्र ती मोजूनच बोलावी लागते. लिहिताना नियम सरळ: दीर्घ स्वर असेल तर अक्षर दोनदा, दुहेरी व्यंजन असेल तर तेही दोनदा. म्हणून त्यांची वाक्यं कागदावर लांबच लांब दिसतात.

हा नियम सुरुवातीपासून नव्हता. 1894मध्ये सम्राट मेनेलिकने वोलायतांचं राज्य जिंकून घेतलं, त्यांचा शेवटचा राजा तोना पकडला गेला, आणि त्यानंतर लिहिण्या-वाचण्याची भाषा म्हणजे अम्हारिक असंच अनेक वर्षं चाललं. 1940च्या दशकात सुदान इंटीरियर मिशनच्या लोकांनी वोलायता लिहायची पहिली पद्धत बसवली. पुढे 1979मध्ये लष्करी राजवटीने साक्षरता मोहीम काढली, तेव्हा दक्षिणेतल्या भाषांपैकी वोलायता पहिल्या फळीत होती. 1981मध्ये नवा करार छापला गेला. त्या काळातलं लेखन इथिओपिक लिपीत होतं. ही अम्हारिकची लिपी, प्रत्येक व्यंजनाची सात रूपं असलेली, आपल्या बाराखडीची दूरची मावसबहीण शोभावी अशी. 1991नंतर राजवट बदलली, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण आलं आणि वोलायता शाळांनी रोमन अक्षरं घेतली.

दोन्ही लिप्या शेजारी ठेवून बघायला मला मजा आली. इथिओपिक लिपीत तुटलेल्या 'त'ला, 'क'ला, 'च'ला, 'प'ला स्वतंत्र अक्षरं आहेत, कारण अम्हारिकमध्ये हे आवाज आहेतच. त्या बाबतीत ती तयार लिपी. पण रोजच्या लिखाणात ती व्यंजनाचं दुहेरीपण दाखवत नाही, आणि स्वराचं ऱ्हस्व-दीर्घही नाही. म्हणजे गवत आणि दूध एकसारखंच लिहायचं आणि वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचं. रोमनचं बरोबर उलटं. तिच्याकडे तुटलेले आवाज नाहीत, ते 'एक्स' आणि 'क्यू'ला कामाला लावून भागवावे लागले. पण अक्षर दोनदा लिहायला तिथे काही अडचण नाही, आणि ज्या भाषेत दहाच्या दहा आकडे दुहेरी व्यंजनाचे, तिला हाच फायदा मोठा. आपली देवनागरी या शर्यतीत उतरली असती तर? जोडाक्षरं तिच्या हातचा मळ. ॾ सिंधीकडून उसना घेता आला असता. घशातल्या अडखळीलाही देवनागरीत एक चिन्ह आहे, नेपाळमधल्या लिंबू भाषेसाठी युनिकोडमध्ये आलेलं. तुटलेल्या आवाजांपाशी मात्र तिलाही हात टेकावे लागले असते.

लिपी रोमन की आणखी कोणती, यावर तावातावाने बोलणारे लोक आपल्यातही आहेत. मला वाटतं भांडण तिथे नसतंच. आवाज कुणाचे धरायचे, इथे ते असतं. वोलायतांच्या बाबतीत ते रस्त्यावर आलं.

वोलायता, गामो, गोफा आणि दावरो या शेजारशेजारच्या, एकमेकींना बऱ्याच समजणाऱ्या भाषा. 1990च्या दशकात प्रशासनाला वाटलं की चार भाषांची चार पुस्तकं छापण्यापेक्षा चौघींची मिळून एक करावी. चारही नावांची पहिली अक्षरं जोडून नाव ठेवलं 'वोगागोदा'. 1998मध्ये त्या बनवलेल्या भाषेतली पाठ्यपुस्तकं शाळांमध्ये वाटली गेली. खर्चाचा हिशेब म्हणून पाहिलं तर कल्पना वाईट दिसत नाही. आमच्या क्षेत्रात तर अशी कल्पना मांडणाऱ्याला बढती मिळते. चार जवळपास सारख्या फाइली एकत्र करायच्या आणि देखभाल वाचवायची!

पण 'जवळपास सारख्या' म्हणजे काय ते बघा. पाण्याला वोलायतात 'हात्ता' म्हणतात. गामोत त्याच शब्दात 'त्त'च्या जागी जो आवाज येतो तो आपल्या 'चाक'मधल्या 'च'सारखा. घराचंही तेच, वोलायतात 'केत्ता', आणि गामोत पुन्हा तो 'चाक'चा 'च'. फरक एवढासाच, पण ठरलेला, शब्दामागून शब्दात येणारा. सहा वर्षांच्या मुलीने पुस्तकात घर, पाणी हे शब्द वाचायचे आणि ते तिच्या आईच्या तोंडचे नसायचे. उद्या देशावरची बोली, वऱ्हाडी, अहिराणी आणि मालवणी यांची समितीने सरमिसळ करून कुणी पहिलीचं बालभारती काढलं, तर ते कुणालाच आपलं वाटणार नाही. तसंच झालं. सोदोत शिक्षक आणि विद्यार्थी विरोधात उभे राहिले. 1999मध्ये निदर्शनं चिघळली, सुरक्षा दलांच्या कारवाईत माणसं मारली गेली, कित्येकांना अटक झाली. शेवटी पुस्तकं मागे घेतली गेली आणि शिक्षक पुन्हा वोलायतातल्या पुस्तकांकडे वळले. 2000मध्ये वोलायता हा वेगळा प्रशासकीय विभाग झाला. 2023मध्ये दक्षिण इथिओपिया हे नवं राज्य आलं, त्याचं मुख्य ठाणं सोदोत आहे. या सगळ्यामागे जमीन, नोकऱ्या, सत्तेतला वाटा हेही होतंच. भाषेची भांडणं नुसती भाषेची कधीच नसतात. पण लोक ज्यावरून घराबाहेर पडले ते पहिलीचं पुस्तक होतं.

वोलायताचं आजचं स्पेलिंगही सगळं दाखवत नाही, हे सांगायला हवं. बोलताना शब्दांत उंच आणि खालचा सूर असतो आणि तो कुठे चढतो याला अर्थ असतो. जपानी शब्दांच्या सुराची आठवण व्हावी असा प्रकार. अझेब अम्हा या इथिओपियन विदुषीने 1996मध्ये यावर लिहिलं. मोतोमिची वाकासा या जपानी अभ्यासकाने 2008मध्ये टोकियो विद्यापीठात या भाषेचं सविस्तर वर्णन प्रबंध म्हणून सादर केलं. स्पेलिंगमध्ये मात्र हा सूर लिहीत नाहीत, आणि वाचणाऱ्यांचं अडत नाही. आपलं तरी कुठे अडतं? 'जरा' लिहिलं की ते 'थोडंसं' की 'म्हातारपण' हे आपण वाक्यावरून ओळखतो आणि 'ज' बरोबर म्हणतो.

मग आपल्या मोबाइलवरच्या रोमन मराठीचं काय? हा लेख लिहायला घेतला तो खरं तर या खाजेपायी. परदेशात वाढणारी आपली बरीचशी मुलं मराठी ऐकून समजतात, थोडी बोलतात, आणि लिहिली तर रोमनमध्ये लिहितात. 'के-ए-एल' असं लिहिलं की ते काल, काळ, कळ, कल यांपैकी काहीही असू शकतं. 'व्ही-ई-एल' म्हणजे वेळ की वेल? आपण मोठे लोक हे वाचू शकतो, कारण देवनागरीतला शब्द आपल्या डोळ्यांसमोर आधीच असतो. मुलांसमोर तो नसतो. त्यांनी 'ळ' कागदावर पाहिलेलाच नाही, आणि जे अक्षर लिहिताना वेगळं दिसत नाही ते हळूहळू तोंडातूनही जातं. माझी तक्रार रोमन अक्षरांबद्दल नाही. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण हे मराठी काव्य 1616मध्ये छापलं गेलं ते रोमन अक्षरांतच. गोव्याच्या रोमी कोकणीत 'एक्स' म्हणजे 'श' हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत. वोलायतांनी त्याच 'एक्स'ला तुटलेला 'त' केलं. प्रत्येकाने आपल्या आवाजांची यादी आधी केली आणि मग अक्षरं वाटली. आपण वाटणीच केलेली नाही, जो तो त्याच्या मनाला येईल तसं लिहितो. देवनागरी शिकवावीच, त्याला पर्याय नाही. पण ती येईपर्यंतच्या पाच-सात वर्षांत मुलं जे शेकडो मेसेज लिहितात, ते वाऱ्यावर का सोडायचे?

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या दिवाळीपासून चार नियम चालू आहेत. 'आ'साठी दोन ए. ट-ठ-ड-ढसाठी मोठा टी आणि मोठा डी, त-थ-द-धसाठी लहान. 'ण'साठी मोठा एन. 'ळ'साठी मोठा एल. साताऱ्याच्या आत्याला मोठी अक्षरं पाहून कुणीतरी ओरडतंय असं वाटायचं, आता तिला सवय झाली आहे. न्यू जर्सीतल्या अकरा वर्षांच्या भाचीने दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, 'मामा, वेळ आणि वेल हे दोन वेगळे शब्द आहेत?' सध्या वाद चालू आहे तो 'च'चा. एक 'चमचा', दोन 'चमचे', यात 'च' बदलतो हे भाचीनेच पकडलं आणि दोन्हींना वेगळं अक्षर हवं म्हणून हटून बसली आहे. आत्याचं म्हणणं, काही गरज नाही, देवनागरीत तरी कुठे आहे? भाचीने 'च'च्या दुसऱ्या आवाजासाठी अक्षरही सुचवलं आहे. एक्स. तो रिकामाच आहे, म्हणते.